बाबासाहेब आणि त्यांची महाविद्यालये

आपल्या बहुतेक बौद्ध घरांत भिंतीवर भगवान बुद्धांची आणि तिच्याशेजारी बाबासाहेबांची तसबीर असते. पुष्कळ तसबिरींखाली बाबासाहेबांच्या पदव्यांची ओळ छापलेली असते. घरातली मुले ती ओळ घडाघडा म्हणून दाखवतात, पाहुणे कौतुक करतात आणि विषय तेथेच संपतो. पण त्या ओळीतील प्रत्येक पदवीमागे एक विद्यालय आहे. कोठे जीव लावणारा गुरू भेटला, कोठे पाण्यावरून अपमान झाला, कोठे पोट मारून वाचन करावे लागले. ज्या विद्यालयांनी आपणांस घडविले त्यांच्याशी बाबासाहेब कसे वागले, त्यांचे ऋण त्यांनी कसे मानले आणि कसे फेडले, एवढीच हकीकत येथे सांगावयाची आहे. त्यांचे समग्र चरित्र सांगण्याचा हा प्रयत्न नव्हे.

आरंभ एल्फिन्स्टनपासून करावा लागतो. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचा सत्कार झाला, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे १९५६ साली नागपुरास जे घडले त्याचे बीज पुष्कळजण याच भेटीत पाहतात, आणि ते खोटे नाही. पण केळुसकर गुरुजी पुस्तक देऊन थांबले नाहीत. सुभेदार रामजींचे हात शिक्षणाच्या खर्चाने टेकले, तेव्हा गुरुजींनीच खटपट करून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपयांची मदत मिळवून दिली. त्या पंचवीस रुपयांवर एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण पुरे झाले. तेथे प्राध्यापक म्युलर यांनी या गरीब विद्यार्थ्याला पुस्तके दिली, कपडेही दिले. आणि त्याच कॉलेजातला हॉटेलवाला त्यांना चहा देत नसे, पाणीही देत नसे. एकाच इमारतीत या दोन्ही गोष्टी चालत होत्या. वाचकहो, हे ध्यानात ठेवा, कारण पुढे प्रत्येक विद्यालयात थोड्याफार फरकाने हेच पुन्हा पुन्हा दिसेल.

१९१२ साली ते बी. ए. ची परीक्षा देऊन बाहेर पडले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील वारले. त्याच वर्षी बडोदा सरकारची शिष्यवृत्ती घेऊन जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

कोलंबियाने त्यांना काय दिले? पहिली गोष्ट म्हणजे मोकळा श्वास. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये ते नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर राहिले. जेवणाच्या टेबलावर जात विचारणारा तेथे कोणी नव्हता. ज्याला शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले होते, त्याला जगातील एका मोठ्या विद्यापीठात कोणत्याही बाकावर बसता येत होते. आपल्यापैकी ज्यांनी पहिल्यांदा गावाच्या विहिरीवर उघडपणे पोहरा सोडला त्यांना यातला आनंद समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट गुरू. अर्थशास्त्राचे सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्युई, इतिहासाचे रॉबिन्सन आणि शॉटवेल, मानववंशशास्त्राचे गोल्डनवायझर. भीमरावांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३. शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचे प्राथमिक वर्ग. पदवीला लागते तेवढेच शिकून मोकळे होणारा हा विद्यार्थी नव्हता. १९१५ साली एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. वय पंचवीस. या काळात त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून दोन हजारांच्या आसपास ग्रंथ विकत घेतले. शिष्यवृत्तीचे पैसे मोजके, त्यातून घरीही पाठवावयाचे, तरी पुस्तके घेतलीच.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले. सेलिग्मन यांनी आपल्या विद्यार्थ्यासाठी तेथील प्राध्यापकांच्या नावे शिफारसपत्र दिले होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, दोन्हीकडे नावे दाखल झाली. परंतु बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. एवढेच एक चांगले झाले की, चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने दिली. महायुद्ध चालू होते. आगबोटीने पाठविलेले त्यांचे सामान आणि त्यातली पुस्तके बोट बुडून समुद्राच्या तळाशी गेली.

बडोद्याची कथा आपणांस माहीत आहे. राहावयास खोली मिळेना, पारशी वसतिगृहातून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले. कोलंबियाच्या वसतिगृहातला पारशी मित्र जन्माचा सोबती झाला आणि बडोद्यात पारशी लोकच अंगावर आले! माणसाला जातीवरून वा धर्मावरून तोलू नये, हा धडा याहून स्पष्ट कोणता?

पहिले महायुद्ध थांबले त्याच महिन्यात, नोव्हेंबर १९१८ मध्ये, बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. म्हणजे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील त्यांचे कॉलेजजीवन विद्यार्थी म्हणून नव्हे, तर शिक्षक म्हणून सुरू झाले. हा अस्पृश्य काय शिकविणार, असा भाव आरंभी विद्यार्थ्यांत होता. थोड्याच दिवसांत त्यांची व्याख्याने ऐकावयास इतर कॉलेजांतील मुलेही येऊन बसू लागली. मात्र प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. शिकलेला माणूस जात विसरतो, असे म्हणणारांनी हा प्रसंग वाचावा. पाण्याचे भांडे अडविणारे हे लोक पदवीधर होते आणि मुलांना शास्त्रे शिकवीत होते.

बाबासाहेबांनी या नोकरीतला पैसा कसा वापरला हे मला त्यांच्या कोणत्याही पदवीइतकेच मोलाचे वाटते. ४५० रुपये हा त्या काळी मोठा पगार. पण ते परळच्या चाळीतच राहिले, रमाईने मोजक्या पैशांत संसार चालविला आणि उरलेली रक्कम लंडनसाठी साठत गेली. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले, मार्चमध्ये सिडनहॅमचा राजीनामा दिला. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेनांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले आणि जुलै १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करावयास ते पुन्हा बोटीवर चढले.

यानंतरची तीन वर्षे आपल्या मुलांना सावकाश वाचून दाखवावीत अशी आहेत. युद्धानंतरच्या लंडनमध्ये कॉलेजजीवन म्हणजे क्लब, नाच, खेळ आणि चहापार्ट्या अशीही एक तऱ्हा होती. पैसेवाल्या घरचे हिंदी तरुणही त्यात रमत. बाबासाहेबांचे लंडन निराळे. ते किंग हेन्रीज रोडवरील एका घरात राहात. घरमालकीण न्याहारीला पावाचा तुकडा, थोडा मुरंबा किंवा मासळी आणि चहा देई. तेवढे खाऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि ते बंद होईपर्यंत तेथून हलत नसत. रात्री भूक लागे. मुंबईहून एका स्नेह्याने पापड दिले होते. त्यातले चार पापड भाजून कपभर दुधाबरोबर खावयाचे आणि पुन्हा वाचावयास बसावयाचे. खोलीतले सोबती असनोडेकर रात्री जागे होऊन पाहात तो दिवा चालूच. आता झोपा, असे ते विनवीत. आपल्याजवळ ना पैसा ना वेळ, तेव्हा अभ्यास लवकर उरकलाच पाहिजे, हे बाबासाहेबांचे ठरलेले उत्तर.

त्या वेळी मुंबईत रमाई काय सोसत होत्या? परदेशी शिकणाऱ्या नवऱ्याकडून पैसे येत नसत, उलट त्याचीच काळजी. अपत्यांची आजारपणे, मृत्यू, घरातली चणचण. ‘डी. एस्सी.’ हे दोन शब्द छापताना त्यात रमाईचा वाटा किती, हे कोणत्याही विद्यापीठाने नोंदलेले नाही. आपल्या घरातील मुलगा शहरात शिकत असतो आणि त्याची आई किंवा बायको दुसऱ्याच्या रानात खुरपत असते. तेव्हा ही गोष्ट जुनी झाली असे म्हणता येत नाही.

१९२१ साली एम. एस्सी. झाली, २८ जून १९२२ रोजी ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर केले. त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर डी. एस्सी. चा प्रबंध सादर केला आणि मधल्या काळात जर्मनीत बॉन विद्यापीठात जाण्याचाही प्रयत्न केला. प्रबंधातील ब्रिटिश सरकारच्या चलननीतीवरील झणझणीत टीका परीक्षकांना रुचली नाही. पुन्हा लिहून द्या, असे सांगण्यात आले. जवळचा पैसा संपला होता. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, येथूनच प्रबंधाचे फेरलेखन करून पाठविले, मांडणी थोडी बदलली पण निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ च्या अखेरीस डी. एस्सी. मिळाली आणि प्रबंध लंडनला ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथाला त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. गंमत अशी की, या प्रस्तावनेत कॅनन यांनी शिष्याच्या प्रतिपादनाशी आपला मतभेद उघडपणे नोंदविला आहे! आणि शिष्याने ती प्रस्तावना आपल्या ग्रंथाच्या आरंभी आदराने छापली. आपल्याकडे गुरुभक्ती म्हणजे गुरूच्या शब्दापुढे मान तुकविणे. गुरूने अंगठा मागितला तर तो कापून देणे हा तर आपल्या पुराणांतला आदर्श. बाबासाहेबांची गुरुनिष्ठा या जातीची नव्हती. भगवान बुद्धांनी कालामांना दिलेला उपदेश ज्यांना ठाऊक आहे, त्यांना गुरू आणि शिष्य यांच्यातील हा मोकळेपणा परका वाटणार नाही.

कोलंबियाची पीएच. डी. मिळण्यास ग्रंथ छापून त्याच्या प्रती विद्यापीठास द्याव्या लागत. १९२५ साली प्रांतिक अर्थकारणावरील तो ग्रंथ सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह निघाला आणि १९२७ च्या जूनमध्ये पदवी रीतसर मिळाली. अर्पणपत्रिका हे पुस्तकाचे पान पुष्कळजण न वाचताच उलटतात. बाबासाहेबांच्या बाबतीत तसे करू नये. रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. प्रांतिक अर्थकारणावरील ग्रंथ सयाजीराव महाराजांना, शिक्षणासाठी केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून. ज्या बडोद्याने त्यांना राहावयास खोली दिली नाही, त्याच बडोद्याच्या अधिपतीला! संस्थानात झालेला अपमान आणि महाराजांनी केलेले उपकार यांची त्यांनी सरमिसळ केली नाही. आणि पुढे १९४० च्या अखेरीस पाकिस्तानवरचा ग्रंथ आला तो रमाईच्या स्मृतीस वाहिलेला.

आता थोडे आमच्या भागाविषयी. हे लिहीत आहे ते भूम तालुक्यातील ईट गावातून. ज्या वर्षांत बाबासाहेब लंडनला डी. एस्सी. करीत होते, त्या वर्षांत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पदवी घ्यावयाची तर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात जावयाचे. ते १९१८ साली निघालेले, आणि तेथील शिक्षण उर्दूतून. महारवाड्यातील मुलाला गावच्या शाळेच्या ओट्यावर चढणे मुष्किल, त्याला हैदराबाद काय आणि न्यूयॉर्क काय, दोन्ही सारखेच लांब. पलीकडे इंग्रजी मुलखात सोलापूर जवळ. तेथे १९२५ च्या जानेवारीत बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. लंडनहून परतून दोन वर्षे झाली नव्हती, वकिलीचा जम बसला नव्हता, कर्ज डोक्यावर होते. तरी पहिले मोठे काम वसतिगृहाचे. मला वाटते, लिव्हिंग्स्टन हॉलमधील त्या खोलीचे हे ऋण होते. मुलाला शिकावयाचे तर त्याला आधी बिनअपमानाचे जेवण आणि निजावयास जागा लागते, हे ते अनुभवाने शिकले होते.

या काळात ते स्वतःही शिकवीत राहिले. १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा, १९२८ च्या जूनपासून काही महिने मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापकी. महाड, काळाराम, गोलमेज परिषद ही प्रकरणे सर्वांना मुखोद्गत आहेत, म्हणून त्यात शिरत नाही. पण गोलमेज परिषदेच्या धामधुमीतील दोन गोष्टी फारशा सांगितल्या जात नाहीत. डिसेंबर १९३० मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत बाबासाहेबांनी आपल्या विद्यापीठाची आठवण जाहीरपणे काढली. आयुष्यात लाभलेले उत्तम मित्र कोलंबियातले काही सहाध्यायी आणि ड्युई, शॉटवेल, सेलिग्मन, रॉबिन्सन हे प्राध्यापक होते, असा त्याचा आशय. पुढील वर्षी दुसरी गोलमेज परिषद आटोपली. गांधीजींशी खटका उडालेला, इकडे देशात वर्तमानपत्रे त्यांना देशद्रोही ठरवीत होती. त्या डिसेंबरात थेट घरी न येता ते अमेरिकेला गेले आणि आपल्या जुन्या प्राध्यापकांना भेटले.

२७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. त्यानंतर पाचच दिवसांनी, १ जून १९३५ रोजी, बाबासाहेबांनी मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजच्या प्राचार्यपदाची सूत्रे हाती घेतली. ज्या शहरात प्राध्यापकांच्या खोलीतले पाणी त्यांना नाकारले होते, त्याच शहरातील सरकारी विद्यालयाचे ते प्रमुख झाले. आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे याचीही त्यांनी याच दिवसांत कॉलेजच्या नियतकालिकात सविस्तर मांडणी केली. एकीकडे सबंध समाजाला हजारो वर्षांच्या घरातून बाहेर काढण्याचा विचार, दुसरीकडे वकिलीचा अभ्यासक्रम कसा असावा याचा विचार. १९३६ साली जातिनिर्मूलनावरील न झालेले भाषण पुस्तकरूपाने निघाले, त्यात त्यांनी ड्युई आपले गुरू असल्याचे आणि आपण त्यांचे मोठे ऋणी असल्याचे सांगितले. १९३८ साली त्यांनी प्राचार्यपद सोडले.

फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आमच्या जिल्ह्यात आले. कसबे तडवळे येथे महार-मांग परिषद भरली. जुन्या पिढीतील लोकांनी गाड्या जुंपून, पायी चालून ती परिषद गाठली. या भागातील मुलांना कॉलेज म्हणजे काय हे तेव्हाही ठाऊक नव्हते.

ते ठाऊक झाले १९५० साली. १९४५ च्या जुलैत बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती; २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. निजामी राजवट सप्टेंबर १९४८ मध्ये संपली, आणि मराठवाड्यासाठी औरंगाबादला महाविद्यालय काढण्याचे त्यांनी मनावर घेतले. ते १९५० च्या जूनमध्ये सुरू झाले. पुढच्या वर्षी १ सप्टेंबरला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. प्राचार्य म. भि. चिटणीस. महाविद्यालयाचे नाव मिलिंद आणि परिसराचे नाव नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, या दोघांची नावे त्या जागेला मिळाली. शिष्याने विचारावे आणि गुरूने रागावू नये, ही रीत ज्याने कॅनन आणि ड्युई यांच्या वर्गात पाहिली होती, त्याला ही दोन नावे सुचली यात नवल नाही. मराठवाड्यातील कितीतरी घरांत पहिला पदवीधर याच नागसेनवनात तयार झाला.

१९५२ साल बाबासाहेबांना कठीण गेले. मंत्रिपद सोडलेले, लोकसभेची निवडणूक हरलेले, प्रकृती ढासळलेली. अशा वेळी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना एलएल. डी. ही सन्मान्य पदवी देण्याचे ठरविले. जूनच्या आरंभी ते विमानाने निघाले. ड्युईंना भेटावयाचे हा मनातला मोठा हेतू होता. गुरू ब्याण्णव वर्षांचे झाले होते. विमान वाटेत असतानाच, १ जून रोजी, ड्युई न्यूयॉर्कमध्ये निवर्तले. पोचल्यावर ही बातमी कळली. माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपले दुःख कळविले आणि आपल्या बौद्धिक जीवनाचे सारे ऋण ड्युईंचे आहे अशी कबुली दिली. ५ जूनला पदवीदान झाले. पदवी घेणारा एकसष्ट वर्षांचा होता, आणि ज्याच्या हाताखाली शिकला तो गुरू चार दिवसांपूर्वीच गेलेला होता.

पुढच्या वर्षी जानेवारीत उस्मानिया विद्यापीठानेही त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. निजामाच्या राज्यातले तेच विद्यापीठ, जे आमच्या भागातल्या मुलांना न्यूयॉर्कइतके लांब होते.

आज कोलंबियाच्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. तो १९९५ साली बसला. लंडनमधले किंग हेन्रीज रोडचे घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले, तेथे स्मारक झाले आहे. आणि त्यांच्या संग्रहातील अनेक ग्रंथ मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहेत. कोणी मुंबईस गेले आणि परवानगी मिळाली, तर चैत्यभूमीचे दर्शन झाल्यावर मुलांना तेथेही न्यावे.